गर्जनेकडून मौनाकडे : नाना पाटेकर
वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीने १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात, हेमलकसा येथे, लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला. तेथे अर्ध्या चड्डी-बनियनवर माडिया गोंडांची सेवा करणारे डॉ. प्रकाश आमटे २०१४ साली पडद्यावर अवतरले, ते नाना पाटेकरांच्या रूपाने. ‘परिंदा’तील क्रूर अण्णा आणि ‘क्रांतिवीर’मधील गर्जणारा प्रताप साकारून राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या या नटाला येथे अबोल राहायचे होते. नानांसाठी हीच खरी कठीण परीक्षा!

मुरूड-जंजिऱ्याच्या या मुलाने वडिलांचा कापडाचा व्यवसाय बुडताना पाहिला आणि तेराव्या वर्षीच चित्रपटांची पोस्टर्स रंगवायला हाती ब्रश घेतला. व्यापारी घरांना त्या दिवसांची धग निराळी सांगावी लागत नाही. २०१५ मध्ये मकरंद अनासपुरे यांच्यासह त्यांनी ‘नाम’ फाउंडेशन स्थापिले, तेही आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांसाठी.