टसर पतंग

टसर पतंग (शास्त्रीय नाव: अँथेरिया मायलिट्टा) हा भारतातील पानझडी जंगलांत आढळणारा मोठ्या आकाराचा रेशीम पतंग आहे. त्याचा समावेश खवलेपंखी गणातील सॅटर्निइडी कुलात होतो. त्याच्या अळीने विणलेल्या कोशापासून टसर रेशीम मिळते. विदर्भात या कोशाला आणि त्यापासून होणाऱ्या रेशमालाही ‘कोसा’ म्हणतात. तुतीची पाने खाणारा रेशीम पतंग हजारो वर्षांच्या पाळणुकीमुळे पूर्णपणे माणसावर अवलंबून राहिला आहे. टसर पतंग मात्र आजही रानटी आहे. त्याची अळी उघड्या झाडावर ऊन, पाऊस व शत्रू सोसत वाढते. त्यामुळे हा पतंग ओळखायचा असेल, तर तो ज्या झाडांवर जगतो ती झाडेही ओळखावी लागतात.

नाव व वर्गीकरण

संस्कृतात ‘तसर’ या शब्दाचा अर्थ विणकराचा धोटा असा आहे. ‘टसर’ हे नाव त्यावरून आल्याचे मानले जाते. ‘कोसा’ हा शब्द ‘कोश’ या शब्दाशी संबंधित आहे. रेशमी वस्त्राला संस्कृतात ‘कौशेय’ म्हणतात. इंग्रज निसर्गअभ्यासक ड्रू ड्रुरी यांनी १७७३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. जुन्या लेखनात याच पतंगासाठी ‘अँथेरिया पाफिया’ हे नावही वापरलेले दिसते. आसामातील मुगा रेशीम देणारा पतंग याच प्रजातीतील, पण वेगळ्या जातीचा आहे.

प्रौढ पतंगाची ओळख

पसरलेल्या पंखांची रुंदी सर्वसाधारणपणे १५ ते १८ सेंमी. असते. चारही पंखांवर मध्यभागी एकेक गोल नेत्रबिंदू असतो. त्याचा गाभा काचेसारखा पारदर्शक असून त्याभोवती रंगीत वलये असतात. पुढच्या पंखाची वरची कड राखाडी असते आणि पंखांच्या बाहेरील भागातून एक फिकट पट्टा जातो.

नर आणि मादी यांत स्पष्ट फरक असतो. नर आकाराने लहान, सडपातळ पोटाचा व बहुधा तांबूस तपकिरी असतो. त्याच्या पुढच्या पंखांची टोके अधिक वाकलेली असतात. मादी मोठी, जाड पोटाची आणि पिवळसर किंवा करडी असते. मात्र रंगात बरीच विविधता आढळते, म्हणून केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये. शृंगिका ही अधिक खात्रीची खूण होय. नराच्या शृंगिका पिसासारख्या रुंद असतात, तर मादीच्या अरुंद असतात. मादीने हवेत सोडलेला गंध नर या शृंगिकांनी दुरून टिपतो.

याच कुलातील दोन पतंगांशी नवख्या निरीक्षकाची गल्लत होऊ शकते. ॲटलास पतंगाच्या पंखांवरील पारदर्शक खिडक्या त्रिकोणी असतात, गोल नसतात. त्याच्या पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी दिसतात. चंद्रपतंग फिकट हिरवा असून त्याच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात. टसर पतंगाला शेपट्या नसतात.

अळी आणि कोसा

प्रौढ पतंग फार थोडे दिवस जगतो व रात्री वावरतो, त्यामुळे तो क्वचित दिसतो. जंगलात त्याचे अस्तित्व बहुधा अळीवरून किंवा कोशावरून कळते. नुकतीच बाहेर आलेली अळी मळकट तपकिरी-पिवळी असते. पुढे ती पानासारखी हिरवी होते. क्वचित पिवळ्या किंवा निळसर अळ्याही आढळतात. पूर्ण वाढलेली अळी बोटापेक्षा जाड असते. तिच्या अंगावर विरळ केसांचे उंचवटे आणि दोन्ही बाजूंना चांदीसारखे चकाकणारे ठिपके असतात. पानांत ती सहज लपून जाते. झाडाखाली पडलेल्या जाड लेंड्या आणि खाल्लेली पाने यांवरून तिचा माग लागतो.

कोसा ही या जातीची सर्वांत सोपी खूण आहे. तो अंडाकृती, टणक आणि करडा किंवा पिवळसर तपकिरी असतो. त्याच्या वरच्या टोकापासून रेशमाचाच एक कडक देठ निघतो आणि देठाच्या शेवटी असलेले कडे फांदीला घट्ट वेढून बसते. त्यामुळे कोसा फळासारखा लोंबतो आणि पाने गळाली तरी खाली पडत नाही. ॲटलास पतंग व चंद्रपतंग यांचे कोश पानांत गुंडाळलेले असतात. त्यांना असे कड्याचे टणक देठ नसते. देठाकडील टोकाला भोक असलेला कोसा आढळल्यास त्यातून पतंग बाहेर पडून गेला आहे असे समजावे.

जीवनक्रम

अंड्यांतून साधारण ८ ते १० दिवसांत अळ्या बाहेर येतात. अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या वाढीच्या पाच अवस्था होतात. त्यानंतर ती कोसा विणून आत कोशित अवस्थेत जाते. बाहेर पडताना पतंग तोंडावाटे एक द्रव सोडतो. त्याने कोशाचे टोक मऊ होते आणि पतंग धागे बाजूला सारून वाट काढतो. प्रौढाची मुखांगे निकामी असतात. तो काही खात नाही. अळी असताना साठवलेल्या शक्तीवरच त्याचे मीलन आणि अंडी घालणे पार पडते.

वर्षातून किती पिढ्या होतात हे प्रदेशानुसार बदलते. जेथे दोन पिढ्या होतात तेथे पहिली पावसाळ्याच्या आरंभी आणि दुसरी पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होते. दुसऱ्या पिढीचे कोशित हिवाळा व उन्हाळा कोशातच सुप्तावस्थेत काढतात. या काळात झाडे निष्पर्ण होतात आणि अळ्यांना अन्न नसते. पाऊस जवळ येऊन नवी पालवी फुटते, तेव्हा पतंग बाहेर पडतात. पतंगाचे वर्ष अशा रीतीने झाडाच्या वर्षाशी जुळलेले असते.

अधिवास

झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्राचा पूर्व विदर्भ या पट्ट्यातील पानझडी जंगले हा या पतंगाचा मुख्य अधिवास होय. ऐन, अर्जुन आणि साल हे त्याचे प्रमुख खाद्यवृक्ष आहेत. बोर व नाणा यांसारख्या इतर झाडांवरही अळ्या आढळतात. सालवृक्ष महाराष्ट्रातील बहुतांश जंगलांत नाही, म्हणून येथे ऐन व अर्जुन ही झाडे शोधावीत. ऐनाची साल काळपट व मगरीच्या कातडीसारखी भेगाळलेली असते. अर्जुनाचे खोड गुळगुळीत व फिकट असून ते ओढ्यानाल्यांच्या काठी दिसते. कोसे पाहण्यासाठी पानगळीनंतरचे दिवस सर्वांत सोयीचे असतात, कारण उघड्या फांद्यांवर ते सहज नजरेस पडतात.

निरनिराळ्या प्रदेशांत या जातीचे स्थानिक वाण तयार झाले आहेत. बस्तरच्या सालवनांतील रैली, ओडिशातील मोदल, झारखंडातील डाबा आणि विदर्भातील भंडारा ही त्यांची काही उदाहरणे आहेत. कोशाचा आकार, टणकपणा, आवडते झाड आणि वर्षातील पिढ्यांची संख्या यांत हे वाण एकमेकांपासून वेगळे असतात.

शत्रू व रोग

उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते व तिची पिल्ले अळीला आतून खातात. परजीवी गांधीलमाशा, मुंग्या, प्रार्थना कीटक, रक्तशोषक ढेकूण आणि पक्षी हेही शत्रू आहेत. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो. म्हणून बियाणे तयार करताना अंडी घातलेल्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी तुतीच्या रेशीम किड्यांसाठी विकसित केली होती.

कोसा उत्पादन

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत टसर उत्पादन होते. ढिवर समाजातील अनेक कुटुंबे मासेमारीबरोबर हा व्यवसाय परंपरेने करतात. अळ्या ऐनाच्या झाडांवर सोडल्या जातात आणि कोसे तयार होईपर्यंत पाखरांपासून त्यांची राखण केली जाते. एका झाडाची पाने संपली की अळ्या दुसऱ्या झाडावर हलवाव्या लागतात. रांची येथील केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्था या क्षेत्रात संशोधन करते.

अखंड धागा उकलण्यासाठी पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोसा उष्णतेने शिजवावा लागतो व त्यात कोशित मरतो. भोक पडलेल्या कोशातून अखंड धागा निघत नाही. त्याचे सूत कातले जाते आणि किंमत कमी मिळते.

संरक्षण

जंगलातील सर्व कोसे बाजारासाठी गोळा केले, तर पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे पतंग उरत नाहीत. ऐन व अर्जुन तोडले गेले, तर उरलेल्या पतंगांच्या अळ्यांनाही अन्न मिळत नाही. बाहेरून आणलेले वाण मोठ्या प्रमाणावर सोडल्यास त्यांचा स्थानिक वाणांशी संकर होण्याचा संभव असतो. रैलीसारखा वाण माणसाच्या पाळणुकीत नीट टिकत नाही. त्यामुळे त्याचे संरक्षण त्याच्या मूळ जंगलातच करावे लागते. त्यासाठी बियाण्याचे कोसे राखून ठेवतात, त्यांतून बाहेर पडलेल्या पतंगांचे मीलन होऊ देतात आणि ते जंगलात सोडतात. कोसा गोळा करणाऱ्या कुटुंबांची पुढील वर्षाची मिळकतही याच राखून ठेवलेल्या कोशांवर अवलंबून असते.