सेलूचा पिनकोड आणि देवळालीचे मास्तर

पत्ता लिहिताना शेवटी ४३१५०३ लिहून आपण मोकळे होतो. सेलूच्या या पिनकोडकडे संख्या म्हणून आम्हीही कधी पाहिले नव्हते. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. पहिला ४ आपल्या विभागाचा, शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. एवढेच आम्ही सांगत आलो.

यंदा आठवीत अवयव शिकवताना एका मुलीने वही मिटली. "सर, अब्बा दहावीनंतर शिकवणार नाहीत. मग हे कशाला?" उत्तर सुचेना. आम्ही फळ्यावर ४३१५०३ लिहिले आणि म्हटले, फोड याला.

२, ३, ५, ७, ११... कशानेच भाग जाईना. १९ वरही बाकी उरली तेव्हा मागच्या बाकावरून निकाल लागला, "मूळ संख्या आहे!" तिने मात्र २३ने भागून पाहिले. उत्तर १८७६१, बाकी शून्य. उरलेल्या १८७६१ने आमचा दुसरा तासही खाल्ला. शेवटी ७३ × २५७ मिळाले. म्हणजे आमचा पिनकोड तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. त्यातही २५७ खानदानी! तो २ च्या आठव्या घातात १ मिळवून होतो. अशा फर्मा मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत: ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७.

मग कापरेकर आठवले. डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, तरी ६१७४ हा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, असे ते मानत. ज्या संख्येला असा जनक नाही, ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०. आमचा आकडा स्वयंभू नाही. ४३१४७७ च्या अंकांची बेरीज २६, ती त्यात मिळवा: ४३१५०३. दुसरा जनक नाही, आम्ही तपासले.

त्यांची दुसरी रीत घरी मुलांना जरूर द्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ५४३३१० − ०१३३४५ = ५२९९६५. पुन्हा तसेच केले की ७४०८५३, मग ८४०८५२. इथून पुढे सात संख्यांचा फेरा लागतो आणि ८४०८५२ परत येते. चार अंकी संख्या ६१७४ वर थांबतात (चारही अंक सारखे नसले की झाले), आमचा पिनकोड मात्र थांबत नाही. (उर्दूच्या वहीत गंमत वेगळीच. ओळ उजवीकडून डावीकडे चालते, आकडा आला की हात उलटा वळतो.)

दुसऱ्या दिवशी तिने नानीच्या मानवतचा ४३१५०५ आणला. ५ ने भाग गेला होता, ९ नेही.

"सर, ९५८९ वर अडलंय."

आम्ही फोडून दिले नाही.