ट्रंकेतली क्यूएसएल कार्डं ऑनलाइन संग्रहात

हॅम रेडिओवर बोलणं झालं की एकमेकांना धाडायची पोचपावती म्हणजे क्यूएसएल कार्ड. व्हिएन्नातलं ‘डोकुफुंक’ हे अभिलेखागार अशी कार्डं जगभरातून जमवतं. साताऱ्याजवळच्या कोरेगावातून स्कॅन पाठवायचे तर दोन्ही बाजूंचे पाठवा. चित्र देखणं असतं, पण खरा ऐवज बहुधा मागे: कॉलसाइन (आपल्याकडचं असेल तर सहसा व्हीयू 2 किंवा व्हीयू 3), फ्रिक्वेन्सी, सिग्नलचा दर्जा.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितात. आपल्या पहाटेचे अडीच म्हणजे कार्डावर आदल्या तारखेचे 21.00. चूक समजून ती तारीख ‘सुधारू’ नका! कोरेगावचा ग्रिड चौकोन (हॅम रेडिओतला ठिकाणाचा संकेत) एमके 77. साताऱ्यापाशी तो बदलतो. स्कॅनमध्ये चहाचा डाग राहू द्या, हयात माणसाच्या घरचा पत्ता मात्र झाका.