तालीम मास्तर अण्णासाहेब आणि आपल्या मुलांची मराठी

धारवाडच्या सप्तापूर भागात आज शिकवणीवर्गांच्या पाट्या दाटीने लागल्या आहेत. स्पर्धा परीक्षांसाठी गावोगावची मुले येथे खोल्या घेऊन राहतात. कर्नाटक कॉलेजही येथून लांब नाही. गिरीश कार्नाड १९५८ साली तेथूनच पदवीधर झाले. पुढे त्यांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी आणि ‘हयवदन’ चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणले. कानडी नाटक मराठीत गेले म्हणून कानडीचे काही कमी झाले नाही आणि मराठीही बाटली नाही. भाषेच्या प्रश्नावर तावातावाने बोलताना हे आपण सारेच विसरतो.

पण नाटक लिहिले म्हणजे उभे राहिले असे होत नाही. ते कुणीतरी बसवावे लागते. आज त्याला आपण दिग्दर्शक म्हणतो. जुन्या नाटक मंडळ्यांत तो तालीम मास्तर असे. या मुलखाने मराठीला दिलेला सर्वांत मोठा तालीम मास्तर म्हणजे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांचे गाव गुर्लहोसूर, आज बेळगाव जिल्ह्यात. जन्म ३१ मार्च १८४३. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यामागेही होन्नावरकडच्या भागवत मंडळींनी सांगलीत केलेल्या खेळांची प्रेरणा होती. म्हणजे मराठी रंगभूमीच्या पाळण्याची एक दोरी पहिल्यापासून कानडी मुलखात बांधलेली आहे.

अण्णासाहेबांच्या कानावर लहानपणापासून दोन्ही भाषा पडल्या. शिक्षणाच्या निमित्ताने धारवाड, कोल्हापूर, पुणे झाले. पण मन पुस्तकांपेक्षा नाटक मंडळ्यांना पदे रचून देण्यात रमले. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली. आम्ही शिक्षक मंडळींनी हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. पुढे पुण्यात रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत ते नोकरीस लागले. नोकरी पोटासाठी आणि तालीम जिवासाठी, ही हौशी दिग्दर्शकाची ओढाताण तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे.

१८८० साली पुण्यात एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा संगीत खेळ त्यांनी पाहिला आणि असे नाटक मराठीत का नसावे, हा विचार मनाने घेतला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात रंगमंचावर आले. मूळ नाटक कालिदासाचे. पण भाषांतर, पदे, चाली, पात्रांची निवड, तालमी हे सारे अण्णासाहेबांचे. शिवाय सूत्रधार म्हणून रंगमंचावरही तेच उभे!

त्यांनी नवे काय केले? पूर्वीच्या खेळांत सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदे म्हणत आणि पात्रे त्याबरहुकूम हालचाली करीत. अण्णासाहेबांनी पात्राच्या तोंडी गाणे दिले. मग नटाला गळा हवा, स्पष्ट वाणी हवी आणि शब्दाचा अर्थही कळायला हवा. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांना घेऊन त्यांनी हा डाव मांडला. १८८२ साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकरांना मंडळीत आणले आणि त्याच वर्षी ‘सौभद्र’ आले. पदांसाठी त्यांनी साकी, दिंडी, कीर्तनी ढंग, लावणी आणि कानडी चाली, जे कानाला गोड वाटले ते घेतले. मराठी घरांतून पुढे पिढ्यान् पिढ्या गुणगुणल्या गेलेल्या पदांत कानडी मुलखाचा असा वाटा आहे. ‘रामराज्यवियोग’ मात्र अपुरेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब वारले.

नाटककार गेला तरी तालीम थांबली नाही. बेळगावात शिकलेले आणि तेथेच शिक्षक झालेले गोविंद बल्लाळ देवल किर्लोस्कर मंडळीचे तालीम मास्तर झाले. १९०५ साली मंडळीत आलेल्या बालगंधर्वांना घडवणाऱ्यांत देवल होते. उलट दिशेनेही असेच घडले. मराठी मंडळ्यांची गर्दी पाहून गदगचे शांतकवी कानडी नाटकासाठी पुढे सरसावले आणि त्यांनी स्वतःची मंडळी उभी केली. त्यांनी मराठी नाटके बंद पाडा असे म्हटले नाही; आपल्या भाषेत नाटक करून दाखवले. आणि याच धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळचे सवाई गंधर्व, घरची भाषा कानडी असूनही, मराठी रंगभूमीवर गाजले.

वाचकहो, हा इतिहास उगाळून पोट भरणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. सीमावाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो लढा ज्यांनी लढायचा ते लढत आहेत. पण राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगते. ती सोय कागदावर राहिली, मराठीचे वर्ग पटसंख्येअभावी ओस पडले, तर तालमीला मुले आणायची कोठून? स्नेहसंमेलनाचे नाटक बसवताना आमच्या अनुभवाला येते ते हेच. मूल घरी मराठी बोलते, पण संहिता हाती दिली की अडखळते. मग आम्ही ओळी तोंडी म्हणून पाठ करून घेतो. पाठ होते, नाटकही होते. पण अण्णासाहेबांना नटाकडून अपेक्षित असलेली शब्दांची जाण अशी येत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. कानडीला तो २००८ सालीच मिळाला होता. आनंदच आहे. पण सन्मानाने भाषा मुलाच्या जिभेवर बसत नाही. त्यासाठी रोजची तालीम लागते. म्हणून समितीत आमचे मागणे साधे असते. प्रत्येक मराठी शाळेने वर्षाला एक तरी नाटुकले बसवावे, मुलांनी संहिता स्वतः वाचावी, वाचनालयात नाटकांची पुस्तके असावीत, आणि प्रयोगाला शेजारच्या कानडी शाळेला आवर्जून बोलवावे, त्यांच्या नाटकालाही जावे. याला सरकारी हुकूम लागत नाही. शाळा सुटल्यावरचा एक तास आणि तो देणारा एक शिक्षक पुरतो. असा शिक्षक ज्या गावात असेल, त्याच्या पाठीशी पालकांनी उभे राहावे, एवढीच विनंती.