माप एक, रूपे अनेक

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले. तेथे उतरलेला मराठी पाहुणा जवळच्या बाजारात जातो, तेव्हा साखरेच्या पिशवीवर हिंदीत ‘किलोग्राम’ असे वाचतो. घरी त्याला ‘किलोग्रॅम’ची सवय, ‘ग्राम’ म्हणजे त्याच्या लेखी गाव! तरीही साखर तेवढीच मिळते.

पूर्वी स्थिती नेमकी उलट होती. ‘शेर’ हा शब्द एकच, पण मुलखामुलखाचा शेर निराळा. १९५६ चा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि माप एक झाले. शब्द मात्र परका असल्यामुळे प्रत्येक भाषेने तो आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिला. ‘मीटर’ आणि ‘लिटर’ यांतील पहिला स्वर इंग्रजीत सारखाच दीर्घ आहे. मराठीने तो एकात दीर्घ ठेवला, दुसऱ्यात बहुधा ऱ्हस्व केला. कोणी ‘लीटर’ लिहिले म्हणून दूध थेंबभरही वाढत नाही. असा भेद सुसह्य आहे. एका पुस्तकात एकच रूप असावे, एवढेच पुरे.

परंतु काही ठिकाणी अक्षर चुकले की मापच बदलते. ‘डेसिमीटर’ हा मीटरचा दहावा भाग, तर ‘डेकामीटर’ म्हणजे दहा मीटर. दोहोंत शंभर पटींचे अंतर. मिलिग्रॅम हा ग्रॅमचा हजारावा भाग, मायक्रोग्रॅम दशलक्षावा. थायरॉइडच्या गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. ‘मा. ग्रॅ.’मधला काना घाईत वेलांटी झाला, तर कागदावर ती मात्रा हजारपट होते!

कधी शब्दाचे एकच रूपही फसवे ठरते. इंग्रजीत एक हजार किलोग्रॅमचा मेट्रिक टन आणि सुमारे १,०१६ किलोग्रॅमचा जुना ब्रिटिश टन यांचे वर्णलेखन निराळे आहे. मराठीत दोन्ही ‘टन’च. तेथे ‘मेट्रिक’ हे विशेषण गाळून चालत नाही.

तेव्हा ऱ्हस्वदीर्घाविषयी वाद अवश्य घालावा, पण निवांतपणे. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र संक्षेप टाळून मापाचे नाव पूर्ण लिहावे. दोन अक्षरे अधिक लिहिण्याचे श्रम थोडे आहेत. त्यांनी टळणारा अनर्थ मोठा आहे.