पुढचं कळत नाही

अधिपरिचारिका म्हणून कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाले तेव्हा मला बाळंतपणाचा वॉर्ड हवा होता, मिळाली कॅज्युअल्टी. मेट्रन म्हणाल्या, "सहा महिने काढ, मग बघू." आता निवृत्ती तोंडावर आली, तरी मी तिथेच आहे. मधे वॉर्डात जायची संधी आली होती, ती मीच सोडली.

वॉर्डातल्या सिस्टरला पेशंट बरा होऊन घरी जाताना दिसतो. आम्हाला नाही दिसत. तो जरा सावरला की वर जातो, नाहीतर मोठ्या रुग्णालयात रेफर होतो. पुढचं कळत नाही. सुरुवातीला याचा फार त्रास व्हायचा. मी वर फोन करकरून विचारायचे आणि वॉर्डातल्या सिस्टर वैतागायच्या. इथला आनंद त्या काही तासांतच उरकायचा असतो, हे पचनी पडायला वर्षं गेली.

आता सर्पदंशाचंच घ्या. आमच्याकडे घोणस आणि फुरसं दोन्ही. कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये थोडं रक्त घ्यायचं, ट्यूब उभी ठेवायची आणि 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग तिरकी करायची. रक्त न गोठता ओघळलं की विषाने आपलं काम सुरू केलंय, एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, लावा. सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी. रात्री आलेल्या पेशंटची ही दुसरी ट्यूब पहाटे येते. ती तिरकी करावी आणि आतली गुठळी जागची हलू नये! नातेवाइकांना त्यात काय बघायचं ते कळत नाही. मावशींना मात्र बरोबर कळतं, त्या न सांगता चहा टाकतात.

विंचवाची गोष्ट याहून न्यारी. आमच्या आधीच्या सिस्टर सांगायच्या, लाल विंचू चावलेली पोरं फुफ्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जायची. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड-बिरवाडीकडे काम करताना प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर लागू पडते हे दाखवून दिलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या ड्यूटी रूममध्ये पेढे वाटले गेले. मी रुजू झाले तोवर ती गोळी चांगली रुळली होती. गोळी दिली की पोराला आडवंच ठेवायचं, उठलं तर बीपी घसरतो. चार वर्षांच्या मुलाला तासन्‌तास झोपवून ठेवणं हे कौशल्य कुठल्या जीएनएमच्या पुस्तकात नाही. घामाने निथळलेलं, हातपाय गार पडलेलं ते पोर विष जोरात असताना दुखतंय म्हणत नाही. उतार पडायला लागला की दंशाच्या जागी पुन्हा कळ उठते आणि ते भोकाड पसरतं. आम्ही खूश, आणि आई आमच्याकडे चक्रावून बघत राहते.

2014 मध्ये 108 रुग्णवाहिका सुरू झाली. त्याआधी अपघाताचा पेशंट रिक्षा-टेम्पोतून, मिळेल त्या वाहनातून यायचा. आता गाडीत डॉक्टर असतो आणि सलाइन बहुतेक वेळा वाटेतच लागलेलं असतं. आमची पहिली दहा मिनिटं वाचली, ती पेशंटला मिळाली. 2020 हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. त्या वर्षाबद्दल इथे एवढंच पुरे.

अलीकडे कर्मचाऱ्यांच्या आनंदासाठी शिबिरं होतात. योगासनं, हास्यक्लब, मग गटचर्चा. माझं त्यांच्याशी वैर नाही. पण औषधाचं कपाट भरलेलं असावं, ड्यूटीला पुरेसे हात असावेत आणि सकाळी आठला ओव्हर घेणारी वेळेवर यावी, एवढं झालं तर शिबिराची फारशी गरज उरत नाही. एकटीवर अख्खी कॅज्युअल्टी टाकून वर प्राणायाम शिकवणं ही चेष्टा आहे.

तुमचं माणूस कधी आमच्यासारख्यांच्या हातून पुढे गेलं आणि बरं झालं, तर डिस्चार्जच्या दिवशी जाता जाता कॅज्युअल्टीत डोकावा. पेढे नकोत, आभारही राहू देत. कधी आलो होतो आणि कशासाठी, एवढं सांगा. चेहरा नाही आठवला तरी केस लगेच आठवते.