हात घासला की फोड

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात एक मुलगी नवी आली. तळहातांना आणि टाचांना सारखे पाण्याचे फोड. आठवड्याच्या आत दोन मुलांच्या अम्मी मला भेटल्या. "मॅडम, आमच्या मुलांना तिच्याजवळ बसवू नका." घरी तिची नानी नजर उतरवून थकली होती. डॉक्टरांच्या कागदावर आजाराचे नाव होते : एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स.

हा आजार समजायला सुतळीने विणलेली बाज आठवा. आपण बसलो की ती आधी थोडी झोळते, मग सुतळी ताणली जाते आणि आपला भार पेलते. आपल्या वरच्या कातडीच्या बहुतेक पेशींत केराटिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे असेच जाळे असते. एक धागा सुमारे 10 नॅनोमीटर जाड. एका केसाच्या जाडीत असे हजारो धागे मावतील. हे धागे दुपटीहून जास्त ताणले तरी तुटत नाहीत, उलट ताणावे तसे जाळे घट्ट होते. शेजारच्या पेशींना ते जणू टाक्यांनी जोडलेले असते, म्हणून घासण्याचा जोर एकाच पेशीवर पडत नाही, सगळ्यांत वाटला जातो.

वरच्या कातडीच्या सर्वांत खालच्या थरात केराटिन 5 आणि केराटिन 14 जोडीने पीळ घेऊन हा धागा बनवतात. दोघांपैकी एकाच्या जनुकात दोष असेल तर जाळे कच्चे राहते. जरा घासले की पेशी फाटतात, तिथे पाणी साचते आणि फोड येतो. 1991 साली शिकागो विद्यापीठात एलेन फ्यूक्स यांच्या प्रयोगशाळेने सदोष केराटिन 14 उंदरांत घातले, तेव्हा त्यांच्या कातडीलाही असेच फोड आले. पुढे रुग्णांच्या जनुकांतही दोष सापडला.

म्हणजे हा आजार स्पर्शाने पसरत नाही. बहुतेक घरांत तो आई किंवा वडिलांकडून येतो, कधी दोघांनाही नसताना मुलात नव्याने उद्भवतो. यात कोणाचाही कसूर नाही.

तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही, पण जपता येते. सैल सुती कपडे, मऊ चप्पल, उन्हाच्या झळांपासून बचाव. कातडीवर चिकटपट्टी लावू नये. फोड डॉक्टरांनी दाखवले तसेच, स्वच्छ सुईने फोडावेत.

त्या दोन अम्मींना मी बाजेचेच उदाहरण दिले. मुलीचा बाक बदलला नाही. आता त्यांच्यातल्या एकीचा मुलगाच रोज तिचे दप्तर उचलतो.